मुंबई-गोवा क्रूझ, सोबत पंच्याहत्तरीचे बाबा: अनुभव आणि माहिती हवी आहे

परळ_नाका

नमस्कार मंडळी. जानेवारीत बाबांना ७५ पूर्ण होतायत. हॉल घेऊया, नातेवाइकांना जेवण देऊया असं भावाचं नि माझं चाललं होतं, तर बाबा म्हणाले हॉलबिल नको, "माका एकदा बोटीन जावचा आसा."

बाबा मूळचे देवगडचे. सोळा-सतरा वर्षांचे असताना 'कोकण सेवक' बोटीने मुंबईला आले, त्यानंतर काही वर्षं मे महिन्यात गावी जाणं-येणं बोटीनेच. मग एसटी, मग १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण झाली नि बोट फक्त गोष्टीत राहिली. लहानपणापासून ऐकतेय, देवगडला बोट धक्क्याला लागायची नाही, लांब उभी राहायची, मग पडावात बसून बोटीपर्यंत जायचं, ट्रंक वर ओढून घ्यायची, रात्रभर डेकवर वळकटी पसरून झोपायचं आणि सकाळी भाऊचा धक्का. आता तशी बोट नाही, म्हणून मुंबई-गोवा क्रूझचा विचार चाललाय. आई, बाबा, मी आणि नवरा असे चौघे.

प्रश्न बरेच आहेत. बाबांचा उजवा गुडघा दुखतो, काठी घेऊन चालतात, जिने फार जमत नाहीत. आईला बोट लागते, घारापुरीला जाताना पण लागली होती. दोघांना बीपीच्या गोळ्या आहेत, बाबांना शुगर. केबिन कुठली घ्यायची, आतली, खिडकीची का बाल्कनीची? एजंट सांगतो तो खर्च शेवटपर्यंत तेवढाच राहतो का? आणि बाबांना किनारा दिसेल का, कारण ते त्यासाठीच येतायत, शो आणि डिस्को त्यांना नकोय.

आईचं वेगळंच आहे. तिचं माहेर अलिबागजवळ, तिच्या घरात बुडालेल्या रामदास बोटीत माणसं गेलेली आहेत. बोट म्हटलं की तिचा चेहरा उतरतो. तिला कसं सांगू ते पण कळत नाहीये.

निळी_छत्री

किती छान कल्पना आहे ग! मागच्या डिसेंबरात आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, दोन रात्रींची. तुमच्यासारखंच सगळं विचारलं होतं मी पण, कोणी नीट सांगितलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी खर्च. जाहिरातीत जो आकडा दिसतो तो एका माणसाचा असतो, तोही दोघं एका केबिनमध्ये राहणार असं धरून. त्यावर पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी म्हणजे स्टाफची सक्तीची टिप, आणि सगळ्यावर जीएसटी. आमच्या एजंटने फोनवर यातलं काहीच सांगितलं नव्हतं, अॅडव्हान्स भरून झाल्यावर कागद पाठवला नि बिल जवळपास दीडपट झालं. त्यामुळे पैसे भरायच्या आधी "सगळं धरून चौघांचे मिळून किती" हे लेखी मागा, व्हॉट्सअॅपवर चालेल पण लेखी. तिकिटात जेवण, नाश्ता, चहा येतं, पण दारू, सॉफ्ट ड्रिंक, वायफाय, काही खास रेस्टॉरंट, गोव्यात उतरून फिरायची बस हे सगळं वेगळं. बोटीवर रोख चालत नाही, केबिनचं कार्ड असतं तेच सगळीकडे स्वाइप करायचं आणि शेवटी हिशोब. लहान मुलं बरोबर असतील तर कार्ड त्यांच्या हातात देऊ नका.

औषधं हँडबॅगमध्ये ठेवा!! मोठ्या बॅगा बंदरावर टॅग लावून घेतात आणि केबिनच्या दाराशी येतात तीन-चार तासांनी. सासऱ्यांची संध्याकाळची गोळी मोठ्या बॅगेत होती, मी नुसती हवालदिल. इन्शुलिन असेल तर केबिनमध्ये फ्रीज आहे का ते बुकिंग करतानाच विचारा, सगळ्या केबिनना नसतो.

इस्त्री, केटल, एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, स्कॅनिंगमध्ये काढून ठेवतात, आगीच्या भीतीने. बाहेरचं खायचं पण नेऊ देत नाहीत, माझ्या सासूबाईंच्या घरच्या चकल्या तिथेच राहिल्या.

आगबोट

तेवीस वर्षं जहाजावर नोकरी केली, आता रिटायर, रत्नागिरीत असतो. हा धागा वाचून राहवलं नाही.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आधी. मुंबईहून गोव्याकडे जाताना जहाज दक्षिणेला जातं, म्हणजे किनारा डाव्या हाताला. डावी बाजू म्हणजे पोर्ट साइड. केबिन घ्यायची तर जाताना पोर्ट साइड मागा. येताना किनारा उजवीकडे, स्टारबोर्डला, पण केबिन काही बदलता येत नाही, तेव्हा परतीला डेकवर या. खिडकीची केबिन घेताना एक गोष्ट नक्की विचारा, खिडकीसमोर लाइफबोट येते का. तशा केबिन थोड्या स्वस्त देतात आणि गिऱ्हाईक आत गेल्यावर बघतं तर समोर केशरी फायबरची भिंत. आणि खिडकी उघडत नाही, हवा हवी असेल तर बाल्कनी किंवा डेक.

आता खरं सांगतो, रात्री किनारा दिसेल अशी आशा बाबांना दाखवू नका. मोठं जहाज किनाऱ्यापासून बरंच बाहेरून जातं, आत मच्छीमारांच्या बोटी आणि जाळी असतात. दिसेल ते संध्याकाळी, सुटल्यावरचे पहिले दोन तास. बॅलार्ड पियरहून निघालं की उजवीकडे गेटवे, मग कुलाबा, कुलाब्याच्या टोकाचं प्रॉंग्ज दीपगृह, आणि मग डावीकडे खांदेरी-उंदेरी. खांदेरीवर दीपगृह आहे, अंधार पडता पडता तिथून गेलात तर त्याचा प्रकाश फिरताना दिसतो. हा तोच खांदेरी जो २०२५ साली युनेस्कोच्या यादीत आला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत. पुढे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग पण त्या यादीत आहेत, पण ते सगळे रात्रीच्या पोटात जातात.

अजून एक, जहाज सुटल्यावर पायलटवर लक्ष ठेवा. बंदरातून बाहेर काढायला पोर्टचा पायलट जहाजावर असतो, काम झालं की एक छोटी लाँच चालत्या जहाजाला चिकटते आणि तो दोरीच्या शिडीने खाली उतरतो. फार लोकांना माहीत नसतं, सगळे तेव्हा बुफेच्या रांगेत असतात. तुमच्या बाबांना आवडेल.

आईंबद्दल उद्या लिहितो, ते घाईत लिहायचं नाही.

स्टेथो

बोट लागण्याबद्दल. केबिन खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यावरची घ्या, सी-सॉचा मधला भाग कमी हलतो तसंच. पुढच्या टोकाची आणि वरच्या मजल्याची केबिन आईंसाठी नको. केबिनमध्ये पडून मोबाईल बघत बसलं की जास्त होतं, उघड्यावर येऊन क्षितिजाकडे बघायचं, पोट रिकामं ठेवायचं नाही आणि तुडुंब पण भरायचं नाही, आल्याचा तुकडा किंवा आलेपाक चघळला तर बऱ्याच जणांना बरं वाटतं.

बोट लागण्यावरची अॅव्होमिन गोळी सगळ्यांना माहीत असते. ती मळमळ सुरू झाल्यावर नाही तर आधी घ्यायची असते, आणि झोप येते. वयस्कर माणसांत तोल जाऊ शकतो, त्यात काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ती जपूनच. म्हणून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच द्या, शेजारणीने सांगितली म्हणून नको. जहाजावर डॉक्टर असतो पण त्याची फी वेगळी आणि चांगली घसघशीत, तेव्हा ट्रॅव्हल इन्शुरन्स काढा. आणि जेवायच्या आधी साबणाने हात, नुसतं सॅनिटायझर नाही, बंद जहाजात पोटाचे विषाणू फार पटकन पसरतात.

कांदेपोहे

वाचतेय, आम्हालाही जायचंय मार्चमध्ये. विषयांतर होतंय पण कोणी सिंगापूरहून केली आहे का क्रूझ? व्हिसाचं काय?

मृगनक्षत्र

@कांदेपोहे, आम्ही केली. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते बघा, कारण जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत सिंगापूरलाच येतं, म्हणजे तुम्ही दोनदा आत शिरता. आमच्या ग्रुपमधल्या एका कुटुंबाने हे पाहिलंच नव्हतं आणि चेक-इन काउंटरवर त्यांचं जे झालं ते बघवत नव्हतं. युरोपातल्या क्रूझला पण तेच, शेंगेन मल्टिपल एंट्री. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. घरात कोणी गरोदर असेल तर बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांनंतर घेत नाहीत, आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळ पण चालत नाही.

गोखले_रोड

आम्ही लक्षद्वीपवाली केली होती मुंबईहून. गुडघे दुखत असतील तर ती नका करू, गोवाच करा. लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, लांब उभं राहतं आणि छोट्या बोटीत उतरून बेटावर जायचं, लाटांवर ती बोट वर-खाली होत असते, दोन खलाशी दंडाला धरून उतरवतात. तिथे परमिट पण लागतं. आमच्या वेळी लाटा जास्त होत्या म्हणून उतरणंच रद्द झालं, वाईट वाटलं, पण समुद्रापुढे कोणाचं काय चालतं. गोव्याला मुरगाव बंदरात जहाज थेट धक्क्याला लागतं, शिडीवरून चालत खाली.

फोन!! जहाजावर चढल्या चढल्या एअरप्लेन मोड. खोल समुद्रात जहाजाचं स्वतःचं सॅटेलाइटचं नेटवर्क असतं, फोन आपोआप त्याला जोडला जातो आणि घरी आल्यावर बिल बघून घाम फुटतो. माझ्या मुलीने नुसता फोन चालू ठेवला होता, एक कॉल केला नव्हता.

आगबोट

परळ_नाका, आईंबद्दल.

रामदासची भीती खोटी नाही. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, गटारीचा दिवस, भर पावसाळा, काशाच्या खडकाजवळ वादळात उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. अलिबाग, रेवस, परळ, गिरगाव, किती घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही. तुमच्या आईंनी ते घरात ऐकत मोठं व्हायचं म्हणजे काय ते मला कळतं, माझ्याही आजोळी ते आहे. म्हणून त्यांना "काही होत नाही ग" असं म्हणू नका. त्यांना काय बदललंय ते सांगा.

एक, हंगाम. पावसाळ्यात या किनाऱ्यावरून क्रूझ चालवत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र सगळ्यात शांत, पहाटे मतलई म्हणजे जमिनीकडून येणारा वारा असतो तेवढाच. जानेवारी उत्तम.

दोन, जहाज. रामदास चारशे-सव्वाचारशे टनांची बोट होती. आता मुंबईहून जाणारं 'एम्प्रेस' हे जहाज सुमारे साडेअठ्ठेचाळीस हजार ग्रॉस टनांचं, अकरा डेकचं. १९९० साली फ्रान्समध्ये सेंट नझेरला बांधलेलं, तेव्हा नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. म्हणजे जुनं आहे आणि आजच्या मानाने छोटंच, २०२४ला आलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' याच्या पाचपट आहे. पण जानेवारीच्या समुद्राला ते पुष्कळ झालं. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, ते हेलकावा कमी करतात.

तीन, आणि हे महत्त्वाचं, मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्याचा सराव. २०१२ साली इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' बुडालं, ३२ माणसं गेली, त्यात शेवटच्या बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. त्यानंतर नियम बदलला, २०१५पासून जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ड्रिल सक्तीचं. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, म्हणजे सगळ्यांनी आपापल्या मस्टर स्टेशनला जायचं. लोक ड्रिल टाळतात, लिफ्टमध्ये लपतात, मी पाहिलंय आणि मला त्याचा फार संताप येतो. तुम्ही आईंना घेऊन जा. लाइफजॅकेट कसं घालायचं ते त्यांना हाताने करून बघू द्या. भोंगा ऐकू द्या, त्यांची लाइफबोट कुठली ती बोट दाखवून सांगा. माणसाला आपली जागा कळली की भीती निम्मी होते, हे मी खलाशांच्या बायकांमध्ये बघितलंय.

आणि आधी एक रविवारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोने नेऊन आणा. तासाभराची फेरी आहे, मोठी बोट आहे, आत एसीत बसता येतं. बोट लागते का तेही कळेल आणि आईंना माहेरचा रस्ता पण दिसेल.

परळ_नाका

आगबोट काका, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून आत गेली आणि मग स्वयंपाकघरातून विचारलं, "मांडव्याची बोट कितीला सुटते?"

गेल्या रविवारी जाऊन आलो. बोट लागली नाही. अर्ध्या वाटेत तिने मला विचारलं काशाचा खडक कुठे, मी म्हटलं मला नाही माहीत, तर तिने असेल तिकडे असेल म्हणून हात जोडले. बुकिंग केलंय. खिडकीची केबिन, खालचा डेक, मध्यावर, पोर्ट साइड, लाइफबोट समोर नाही असं लेखी घेतलंय. व्हीलचेअर सांगून ठेवली आहे.

निळी_छत्री

वाचून डोळ्यात पाणी आलं. आल्यावर नक्की लिही. बंदरावर लवकर जा, टॅक्सीवाल्याला बॅलार्ड पियर ग्रीन गेट सांगायचं. नव्या टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ला झालंय, पण तपासणीला वेळ लागतोच, सगळ्यांचं ओरिजिनल आधार किंवा पासपोर्ट हातात ठेवा, मोबाईलमधला फोटो नाही चालला आमच्या वेळी.

परळ_नाका

मंडळी, परत आलो. दोन दिवस झाले, अजून जमीन हलल्यासारखी वाटतेय. सगळं लिहिते.

व्हीलचेअर मिळाली, पण त्यासाठी पाऊण तास थांबावं लागलं, आत गेल्यावर ती परत घेतली. लिफ्ट आहेत, पण जेवणाच्या वेळी लिफ्टपाशी गर्दी, म्हणून आम्ही पाऊण तास आधी जेवायला जायचो. डेकवर जायच्या दारांना उंबरा असतो, चांगला चार बोटं उंच, गुडघ्यावाल्यांनी बघून पाय टाका. बाथरूम लहान आहे पण भिंतीला धरायला दांडा आहे. जेवण भरपूर, आईच्या सोमवारच्या उपासाला साबुदाणा नाही मिळाला पण फळं, दूध, बटाटा झालं. मासे होते, बाबांनी एकदा खाल्ले आणि म्हणाले घरी गेल्यावर बांगडा कर. शो पाहिला नाही.

ड्रिलला आईला पुढे नेलं. एका मुलीने, ती वसईची निघाली, आईला लाइफजॅकेट घालून दाखवलं, आईने ते काढलं आणि परत स्वतःचं स्वतः घातलं. दोनदा.

सहाच्या सुमारास सुटलो. आगबोट काकांनी सांगितलं तसं आम्ही चौघे आधी उजव्या बाजूच्या कठड्याला उभे. गेटवे गेलं, ताजची दिवाबत्ती लागत होती, बाबा गप्प. मग ती छोटी लाँच आली, जहाजाला अगदी बिलगून चालायला लागली, खाली पांढरा फेस, आणि वरून एक माणूस दोरीच्या शिडीवरून एक एक पाय खाली टाकत उतरायला लागला. शेवटच्या पायरीवर तो थांबला, लाँच लाटेवर वर आली, तेव्हा त्याने पाय सोडला. बाबांनी माझं मनगट धरलं. घट्ट. "असंच गो. असंच. पडाव वर येय तवा पाय सोडूचो, खाली जाता तवा नाय. माझ्या बापाशीन शिकवलेलां." मला आजोबा आठवत नाहीत. बाबांनी त्यांच्याबद्दल इतकं सरळ आजवर कधी काही सांगितलं नव्हतं. मग पुढचा तासभर ते बोलतच होते, आजोबा कुठे उभे राहायचे, ट्रंक कशी बांधायचे, पहिल्यांदा एकट्याला मुंबईला पाठवताना पडावात बसून बोटीपर्यंत कसे आले आणि वर न चढता तसेच पडावातनं परत कसे गेले.

डावीकडे येऊन उभे राहिलो, खांदेरीचा दिवा दिसला. अंधारात दोन-तीन वेळा फिरला तेव्हा आईने मोजला.

रात्री एक युक्ती केली, ती सगळ्यांना सांगते. निघायच्या आधी फोनमध्ये कोकण किनाऱ्याचा नकाशा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. एअरप्लेन मोडमध्ये नेटवर्क नसलं तरी उघड्या डेकवर जीपीएस चालतं, आपण कुठे आहोत तो निळा ठिपका दिसतो. बाबांनी पहाटे साडेतीनला उठवलं, शाल घेऊन वर गेलो, डेकवर आम्ही दोघं आणि एक खुर्च्या पुसणारा मुलगा. ठिपका देवगडच्या समोर आला तेव्हा मी सांगितलं. काकांनी सांगितलं होतं तसा किनारा काही दिसला नाही, काळोख, लांब ट्रॉलरचे दिवे, बस्स. बाबा त्या बाजूला तोंड करून उभे राहिले. ठिपका विजयदुर्गकडून आला आणि मालवणकडे सरकला तोपर्यंत ते बसले नाहीत. थोड्या वेळाने आई वर आली, कागदी कपात तीन चहा घेऊन, एका हाताने कठडा धरत.

आगबोट

बाबांना माझा नमस्कार सांगा. पडाव वर येतो तेव्हा पाय सोडायचा, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. पुढच्या वेळी रत्नागिरीला या, घरी.

कांदेपोहे

काय लिहिलंयस ग. आमचं मार्चचं बुकिंग आज करतेय, सासरे वेंगुर्ल्याचे आहेत, त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. पोर्ट साइड म्हणजे जाताना डावी, बरोबर ना? आणि मार्चमध्ये गरम होईल का फार?

परळ_नाका

हो, जाताना डावी. मार्चमध्ये दुपारी डेक तापत असेल, पण रात्री शाल न्याच, वारा बोचतो. वेंगुर्ला देवगडच्या पुढे आहे, जहाजाच्या वेगाप्रमाणे पहाटे उशिरा येईल, कदाचित उजाडता उजाडता, तेव्हा झोपू नका. नकाशा आठवणीने डाउनलोड करा, आणि सासऱ्यांना उंबरा सांगून ठेवा.